निळं गेलं का?

सायमी कुणाच्याही घरात शिरली की बसण्याआधी हुंगायची. चुलीकडे बघायची, धुराड्याची झडप किती उघडी आहे ते बघायची, आणि मग कुठे घरच्या बाईची विचारपूस करायची. तिची चेष्टा करायला बेटावर कुणाला निमित्त लागत नसे. ती दारात दिसली की पुरुष कॉफीच्या कपाआडून म्हणत, खिडक्या उघडा रे, सायमी आली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा हिच्या पाठी धूर लागलेला आहे असं सगळ्यांचं मत होतं. मला त्या हसणाऱ्यांचा राग येतो, कारण त्यातले निम्मेअधिक केर्तूच्या मयताला उभे होते.

केर्तू तिची धाकटी बहीण. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे बेट फिनलंडहून आलेल्या आजे-पणज्यांनी वसवलं, आणि त्यांनी घर बांधायच्या आधी बांधला सौना, म्हणजे शेक घ्यायची बंद लाकडी खोली. लाकडं पेटवून दगड तापवायचे, लाकडांचे निखारे झाले की धुराड्याची झडप लावायची म्हणजे ऊब आत राहते, आणि मग सगळ्यांनी फळ्यांवर बसून घाम काढायचा. यात मेख एकच. निखाऱ्यांवर बारीकशी निळी ज्योत नाचते आहे तोवर झडप लावायची नाही. त्या निळ्यात मुका धूर असतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबतसुद्धा नाही. माणूस गुंगत जातो आणि उठत नाही. म्हणून झडपेवर हात ठेवलेला माणूस दर वेळी विचारतो, "निळं गेलं का?" आणि चुलीपाशी बसलेलं माणूस नीट बघून सांगतं. त्या घरात बघायचं काम सायमीचं होतं, कारण पोरीची नजर चांगली होती आणि चूल सोडून ती हलत नसे.

त्या शनिवारी बाहेर बर्फ पडत होतं आणि बापाला घाई होती. सायमी म्हणाली, "अजून आहे." बाप म्हणाला, एवढ्याशाने काय होतंय, आणि त्याने झडप लावली. केर्तू सगळ्यात वरच्या फळीवर बसली होती. गरम जागा तिला आवडायची. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ताई, माझी टोपी काढ गं. घट्ट होतेय डोक्याला." तिच्या डोक्यावर टोपी नव्हतीच. सगळे हसले. सायमीही हसली. मग तिला जाग आली ती बाहेर बर्फात, कुणाच्या तरी कोटावर. केर्तू शेजारीच होती, तिला जाग आली नाही.

पुढे ताउनोशी तिचं लग्न झालं. तिने त्यालाच का पत्करला याची बेटावर बरीच कारणं सांगतात: त्याची बोट, त्याचे खांदे, त्याचं अकॉर्डियन. खरं कारण साधं होतं. त्यांच्या लहानशा बोटीत, 'इल्मा'त, एक लोखंडी शेगडी होती. रात्री झडप लावायची वेळ आली की ताउनो विचारायचा, "निळं गेलं का?" आणि सायमी "गेलं" म्हणेपर्यंत थांबायचा. दात वाजत असले तरी थांबायचा. घाई कर म्हणून तो तिला एकदाही बोलला नाही. सायमीच्या लेखी एवढं एक माणसात असलं की बाकीचं चालवून घेता येतं.

मुलं मोठी होऊन शहरांकडे गेली. हे दोघे दर हिवाळ्याच्या तोंडाशी बोट घेऊन उत्तरेकडच्या खाड्यांत गळाने मासे धरायला जात, आठवडेच्या आठवडे बोटीतच राहत. पण ताउनोचा उजवा खांदा गेला. लाकडं फोडणं होईना. तेव्हा त्याने ठरवलं की शेगडी काढायची आणि गॅसचा हीटर बसवायचा. एका मोडीत काढलेल्या बोटीतला हीटर त्याने गॅसवाल्याकडून मिळवला. गुडघ्याएवढा उंच, पुढे अभ्रकाची छोटी खिडकी, वर जायला एक अरुंद नळी.

सायमीला ते पटलं नाही. ती म्हणाली, "म्हाताऱ्या, लाकूड मी फोडते. मला येतं."

"तू फोडशील, आणि मी बघत बसू? लोक काय म्हणतील मला?"

"लोक मला इतकी वर्षं म्हणतायत, मी मेले का?"

पण ताउनो ऐकेना. आणि सांगायलाच हवं, त्याने काम चोख केलं. सिलिंडर केबिनमध्ये न ठेवता डेकवर लाकडी पेटीत ठेवला. पेटीच्या तळाला भोक पाडून तिथून नळी बाहेर समुद्रावर काढली. गॅसची नळी मध्ये कुठेही न जोडता अखंड नेली, जिथे ती फळीतून जाते तिथे रबर बसवलं, म्हणजे घासून फाटायला नको. शेगडीचं जुनं रुंद धुराडं काढून हीटरची नळी छतातून वर नेली, तिला टोपण बसवलं. केबिनच्या दाराला खाली, पावलाच्या उंचीवर, तळहाताएवढं गोल भोक कापून जाळी लावली. मग साबणाचं पाणी करून प्रत्येक सांध्यावर ब्रशने फासलं आणि कुठे बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून बघत बसला.

सायमी मागे उभी राहून विचारत होती. पेटीला भोक कशाला? तो म्हणाला, पावसाचं पाणी जायला. दाराला भोक कशाला? ओल धरते ना, म्हणून. आणि हा साबण? नळी पुसतोय, कळकट आहे.

सगळी खोटी उत्तरं. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर पाण्यासारखा खाली जाऊन बोटीच्या पोटात साचतो आणि एका ठिणगीने बोटीची काडीकाडी करतो, म्हणून पेटीला भोक. ज्योतीला जळायला हवा लागते आणि ती माणसांच्या वाटणीची खाते, म्हणून दाराला भोक. हे सगळं त्याला गॅसवाल्याने सांगितलं होतं. पण बायको आधीच रात्र रात्र जागी, तिला आणखी का घाबरवा, असं त्या मऊ काळजाच्या माणसाला वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. या मुठीत काय होतं ते पुढे कळलंच.

हीटर पेटला. अभ्रकाच्या खिडकीत सायमीने वाकून बघितलं आणि ती चटकन मागे सरकली. आत सगळंच निळं. बारीकशी एक ज्योत नव्हे, निळ्या ज्योतींची ओळच्या ओळ, शांत, न हलणारी.

आपल्या स्वयंपाकघरात कुठल्याही बाईला विचारा, गॅसची ज्योत निळीच हवी. पिवळी झाली की पातेल्यांची बुडं काळी होतात आणि बर्नर काढून घासावा लागतो. पण आमच्या सायमीचं आयुष्य लाकडापुढे गेलेलं. तिला निळ्याचा एकच अर्थ ठाऊक, आणि तो तिने बहीण देऊन शिकलेला होता.

ती म्हणाली, "ताउनो, निळं आहे."

"असू दे. गॅस आहे तो, लाकूड नाही."

"कधी जाणार ते निळं?"

तो हसला. "बंद केला की जाईल." एवढंच बोलून तो नांगराचा दोर बघायला वर गेला. दोन वाक्यं जास्त बोलला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

ते निघाले. बाहेर दिवसभर दोऱ्या ओढायच्या, मासे साफ करायचे, संध्याकाळी खाडीत नांगर टाकायचा. ताउनो जेवला की घोरायला लागायचा. सायमी पडून त्या खिडकीकडे बघायची. निळं जातच नव्हतं. रात्री ती उठून ताउनोच्या नाकापुढे हात धरायची, श्वास लागतोय का बघायची, आणि परत पडायची.  एकदा तिने विषय काढला तेव्हा तो म्हणाला, अगं, विस्तवाचं खातं तुझ्याकडे, माझं डोकं नको खाऊस. तो गमतीने म्हणाला होता. तिने ते खरं धरलं.

एका सकाळी हीटर पुसताना तिच्या फडक्यात खालची पितळी कडी अडकली आणि थोडी फिरली. आतल्या ज्योती लांब झाल्या, डुलायला लागल्या, आणि टोकांना पिवळ्या झाल्या. सायमीने श्वास रोखला. कडी आणखी फिरवली. निळं मागे मागे गेलं आणि सगळी खिडकी पिवळीधमक झाली, अगदी बर्चच्या लाकडाच्या जाळासारखी.

गेलं. निळं गेलं.

ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. त्या रात्री ती घरून निघाल्यापासून पहिल्यांदा झोपली. ती कडी हवेची होती. बर्नरला मिळणारी हवा तिने स्वतःच्या हाताने बंद करून टाकली होती आणि ज्या मुक्या धुराला ती जन्मभर भ्यायली तो आता इमानेइतबारे तयार होत होता. हे लिहिताना माझ्यासुद्धा अंगावर काटा येतो, कारण तिने केलं ते शहाणपण म्हणूनच केलं.

सुरुवातीला तो धूर नळीवाटे वर जात होता. अभ्रकाची खिडकी काळवंडली. सायमीला ती जुन्या शेगडीसारखी वाटून बरंच वाटलं. छतावर काजळीचे ठिपके दिसले तेव्हा ताउनोने शेजारी नांगरलेल्या बोटीच्या डिझेलला शिव्या घातल्या. वरच्या टोपणात काजळी साठत होती, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

मग आग्नेयेचा वारा सुटला. खाडीतल्या पाण्यालाही फेस आला आणि बाहेर पडायचा प्रश्नच उरला नाही. दोघं केबिनमध्ये अडकले. ताउनोचं डोकं दुखायला लागलं. वर डेकवर गेला की बरं वाटायचं, खाली आला की पुन्हा ठणकायचं. तो म्हणाला, सर्दी भरलीय. सायमीने दूध घालून सामन माशाचं सूप केलं, त्याने ते दोन घोट घेऊन बाजूला ठेवलं. हे मात्र तिला अजिबात आवडलं नाही. ताउनोने सूप टाकलं असं कधी झालं नव्हतं.

दुपारी तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. पायांना वारा लागतोय म्हणाला. दारातल्या त्या भोकातून गार झोत येत होता. ओलीसाठी केलेलं भोक. बाहेर धो धो पाऊस, आता कसली ओल जाणार? सायमीने त्याचाच एक जुना लोकरी मोजा गुंडाळून भोकात बसवला आणि ब्लँकेट त्याच्या पावलांखाली खोचलं.

तिला आता भीती होती ती नांगर सुटण्याची. वाऱ्याचा प्रत्येक झोत आला की ती शिडी चढून वर जायची, छतातलं सरकतं दार उघडायची, किनाऱ्यावरच्या एका वठलेल्या देवदाराकडे बघून बोट सरकली नाही ना ते ताडायची, आणि दार लावून खाली यायची. ताउनो या येरझाऱ्यांवर नेहमी वैतागायचा. आज वैतागला नाही. त्या येरझाऱ्यांनी तिच्या छातीत अधूनमधून चांगली हवा जात होती, म्हणून तर ती अजून उभी होती.

तरी तिचंही डोकं जड झालं.  टेबलाला धरून ती हीटरपाशी वाकली. काळवंडलेल्या अभ्रकामागे पिवळं, सगळं पिवळं. निळ्याचा मागमूस नाही. तिने मनाशी म्हटलं, निळं गेलंय, म्हणजे भिण्यासारखं काही नाही. वय झालं आपलं. जरा पडावं.

ती पडायला वळली तेवढ्यात ताउनो बोलला. आवाज लहान मुलासारखा, लाडीक.

"सायमी, माझी टोपी काढ गं. घट्ट होतेय."

त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. ती खुंटीला टांगलेली होती.

सायमीच्या काळजात कळ गेली ती थेट त्या शनिवारातून आलेली. निळं नव्हतं. निळं नाही म्हणजे धूर नाही, हे तिला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं, आणि समोर केर्तू बोलत होती. ती क्षणभर दोहोंच्या मध्ये उभी राहिली. मग तिने नियम सोडला आणि केर्तूचं ऐकलं.

शिडी चढताना दोनदा पाय निसटला. सरकतं दार तिने पार उघडं टाकलं, पावसात ओणवी होऊन सिलिंडरचा खटका फिरवून गच्च बंद केला. तोंड वर करून छातीभर वारा भरून घेतला आणि परत खाली उतरली. मोजा उपटला. ताउनोला गदागदा हलवलं. त्याचे गाल गुलाबी, छान झोप लागल्यासारखे. तो कुरकुरला आणि भिंतीकडे वळला. एवढा दांडगा माणूस तिला उचलणं शक्य नव्हतं. ऊठ म्हणाली, उठला नाही. थोबाडीत मारली, उठला नाही.

तेव्हा ती त्याच्या कानाशी वाकून, मोठ्याने, जन्मात पहिल्यांदा त्याच्याशी खोटं बोलली.

"ताउनो, नांगर सुटला. बोट खडकावर चाललीय."

मेलेला कोळीसुद्धा या शब्दाला उठेल. ताउनोचे डोळे अर्धेच उघडले, पण त्याचे हात शिडीकडे गेले. तो चढला कसला, चढवला गेला. खालून सायमीने खांदा लावला होता. अर्ध्यावर त्याचे हात सैल पडले तेव्हा ती ओरडली, "खडक आला," आणि तो उरलेल्या पायऱ्या चढून डेकवर पालथा पडला. तिथे तो ओकला. मग पावसात तसाच पडून राहिला आणि ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. श्वास लागतोय का बघायला नाकापुढे हात धरला होता तो तिने बराच वेळ काढला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने मान उचलून किनारा बघितला. देवदार होता तिथेच होता.

"नांगर तर धरून आहे."

"आहे. मी खोटं बोलले."

त्याने उघड्या दारातून खाली केबिनकडे बघितलं. मग त्याने विचारलं, "ज्योत कसली होती?"

"पिवळी. मीच केली. ती कडी फिरवून सगळं निळं घालवलं मी." तिचा आवाज चिरकला. "निळं अजिबात नव्हतं, ताउनो. मी नीट बघितलं होतं."

ताउनोने डोळे मिटले. पावसाचं पाणी त्याच्या मिशीतून खाली गळत होतं. तो म्हणाला, गॅसवाल्याने सांगितलं होतं, निळी असेल तोवर चांगली, पिवळी झाली की तत्काळ बंद कर. याचं उलटं आहे, सायमी. लाकडाच्या बरोबर उलटं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू आधीच इतकी घाबरतेस. म्हटलं आणखी एक कशाला."

सायमी कधी त्याच्यावर चिडली नव्हती. आताही ती ओरडली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "घाबरायचं ते मी घाबरतेच. निदान कशाला घाबरायचं ते तरी नीट सांगायचंस."

 तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला, आणि रडता रडता म्हणाला की पेटी बसवल्यापासून त्यालाही झोप नव्हती. घोरणं खोटं होतं बऱ्याचदा. मग त्याने सगळं सांगितलं: पेटीचं भोक, दाराचं भोक, साबणाचं पाणी, वायू कसा खाली साचतो, पेटवण्याआधी बोटीच्या तळाशी नाक लावून का हुंगायचं. ऐकताना तिची पकड त्याच्या बाहीवर घट्ट होत गेली, पण ती मध्येच थांब म्हणाली नाही. वारा पडेपर्यंत ते दोघं ताडपत्रीखाली ओल्या ब्लँकेटांत बसून होते. हीटर पेटवायचं नाव दोघांनीही काढलं नाही.

बंदरात परतल्यावर नळी खाली उतरवली तेव्हा टोपणातून काजळीचा गोळाच निघाला. गॅसवाल्याने बर्नर साफ केला, कडी जागेवर आणून तिथे स्क्रू आवळून टाकला, आणि नळीला मोठं टोपण दिलं. सायमी शेजारी उभी राहून प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होती. साबणाच्या पाण्याचा ब्रश तिने ताउनोच्या हातातून काढून घेतला आणि सांधे स्वतः तपासले. कॉफीवाल्या पुरुषांपैकी एकजण धक्क्यावरून म्हणाला, सायमीचं नाक आता साबणाच्या पाण्यात शिरलं वाटतं. ताउनोने त्याच्याकडे असं बघितलं की तो कप तिथेच ठेवून निघून गेला.

मग पेटवायची वेळ आली. सायमी खाली, हीटरपुढे गुडघ्यांवर. ताउनो डेकवर सिलिंडरच्या खटक्यावर हात ठेवून. हीटर पेटला आणि खिडकीत निळ्या ज्योतींची ओळ उभी राहिली, तीच, न हलणारी.  एवढी वर्षं सायमी ज्याच्यापासून पळाली ते समोर होतं आणि त्याच्यासोबत आता झोपायचं होतं.

वरून ताउनोने विचारलं, "निळं आहे ना?"

 लहानपणी त्या चुलीपुढे बसून तिने हेच उत्तर दिलं होतं आणि बाप थांबला नव्हता.

"आहे," ती म्हणाली.

खटक्यावरचा हात हलला नाही. तिचा आवाज वाऱ्यात नीट आला नव्हता आणि ताउनो थांबून राहिला होता. तिने पुन्हा खिडकीत बघितलं, अगदी कोपऱ्यांपर्यंत, आणि या वेळी वर ऐकू जाईल असं म्हणाली, "आहे. अजून आहे."

तेव्हा त्याने हात काढला आणि तो खाली आला.